सायकल अंगाच्या मापाची करून घेणे

इयत्ता : सातवी व आठवी
विषय : सामान्य विज्ञान, गणित व कार्यानुभव यांचा समन्वय
तासिका : दोन, सलग
स्थळ : शाळेचे पटांगण

पाठाचे प्रयोजन

गावातील शाळा सातवीला संपते आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरांवर असते, अशी स्थिती अनेक खेड्यांत आहे. एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही. अशा ठिकाणी मुलाचे, आणि विशेषेकरून मुलीचे, पुढील शिक्षण पुष्कळदा एका सायकलीवर अवलंबून असते. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी साहाय्य देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. या योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तेथे हा परिणाम विशेष दिसला, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या.

परंतु सायकल घरी आली म्हणजे ती चालविली जाईलच असे नाही. पहिल्या पंधरवड्यात उत्साहाने सायकलीवरून जाणारी मुलगी महिन्याभराने "गुडघे दुखतात" म्हणू लागते. घरची माणसे तिला नाजूक ठरवितात, किंवा शाळेचा कंटाळा आला असे समजतात. सायकल पडवीत भिंतीला टेकते. काही दिवसांनी शाळाही सुटते. या साऱ्या प्रकारात सायकलीची बैठक चार बोटे खाली आहे, एवढीच गोष्ट कोणी पाहिलेली नसते. जो दोष एक पाना घेऊन दहा मिनिटांत दूर होण्यासारखा होता, त्याचे खापर मुलीच्या शरीरावर किंवा स्वभावावर फुटते.

म्हणून हा पाठ प्राथमिक शाळेतच, मूल गावाबाहेरच्या शाळेत जाऊ लागण्यापूर्वी, घेणे योग्य होय. सायकल माणसाच्या शरीराप्रमाणे बदलता येते आणि बदलावयास हवी, ही समज मुलांत निर्माण करणे हे या पाठाचे मुख्य उद्दिष्ट आहे. मापे घेणे, शेकडेवारी मांडणे, कोन मोजणे आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहणे, या गोष्टींचा सराव त्या ओघाने होतो.

साहित्य व पूर्वतयारी

मापाची फीत, कोनमापक, खडू, सुतळीला दगड बांधून केलेला ओळंबा, सायकलीच्या नटांना बसणारे पाने, लाकडाचा एक ठोकळा, लहान हातोडी आणि तेलाची कुपी. सायकली तीन असाव्यात : एक शिक्षकांची वा पालकांची मोठी, एक मधल्या दांडीशिवायची आणि एक लहान चाकांची. गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास तासाभरासाठी बोलाविल्यास फार उत्तम. त्याचा हात चालताना पाहणे हाही मुलांना पाठच आहे.

पाठापूर्वी शिक्षकांनी पुढील सर्व कृती स्वतःच्या सायकलीवर एकदा करून पाहाव्यात. वर्षानुवर्षे सायकलीवरून शाळेत येणाऱ्या पुष्कळ शिक्षकांच्या पाठदुखीचे वा हातांस येणाऱ्या मुंग्यांचे कारण त्यांना या तयारीतच सापडण्याचा संभव आहे.

प्रस्तावना

मुलांना प्रथम इतिहासातील एक गोष्ट सांगावी. एकोणिसाव्या शतकात एका काळी पुढचे चाक प्रचंड व मागचे चिमुकले अशी सायकल प्रचारात होती. तिचे पायडल पुढच्या चाकाच्याच आसाला जोडलेले असे. चाक जितके मोठे तितकी एका फेऱ्यात सायकल पुढे जाई, म्हणून प्रत्येकाला मोठे चाक हवे असे. पण चाकाच्या मोठेपणाला एकच मर्यादा होती, ती म्हणजे बसणाऱ्याच्या पायाची लांबी. त्यामुळे सायकल घेताना पायाचे माप पाहूनच चाकाचे माप ठरवावे लागे. पुढे १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि साखळीने मागचे चाक फिरत असे. आज सर्वत्र दिसणारी सायकल याच वळणाची आहे. साखळीमुळे चाकाचे माप पायाच्या मापाला बांधलेले राहिले नाही. एकाच मापाच्या सायकलीवर निरनिराळ्या उंचीची माणसे बैठक वर-खाली करून बसू लागली.

येथे मुलांना विचारावे : "या सोयीबरोबर कोणती चूक शिरली असेल?" थोड्या विचाराने उत्तर मिळते. पूर्वी माप घेतल्यावाचून सायकल घेताच येत नसे. पुढे माप न घेताही ती घेता येऊ लागली. बैठक हलविता येते खरी, परंतु ती हलविली नाही तर दुकानातून आली तशीच ती वर्षानुवर्षे राहते.

विषयविवेचन

*१. गुडघ्याचा प्रयोग*

दोन मुलांना पुढे बोलवावे. एकाने पूर्ण उकिडवे बसून दहा वेळा उठावे. दुसऱ्याने खुर्चीच्या कडेवर बसून दहा वेळा उठावे. कोणाच्या मांड्या आधी भरून आल्या व कोणाच्या गुडघ्यावर अधिक ताण पडला, ते त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. गुडघा फार वाकलेला असताना जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. बैठक फार खाली असलेल्या सायकलीवर प्रत्येक फेऱ्यात हेच घडते. मिनिटास साठ फेरे धरले तर वीस मिनिटांच्या वाटेत प्रत्येक गुडघा बाराशे वेळा वाकतो. हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. एका वेळचा अल्प ताण बाराशे वेळा झाल्यावर त्याचे दुखणे कसे होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

*२. बैठकीची उंची*

सायकल भिंतीजवळ उभी करावी. एका मुलाने मागून कॅरिअर घट्ट धरावे. बसणाऱ्याने एक हात भिंतीला टेकवून बैठकीवर नीट मध्यभागी बसावे. पायडल खाली, सर्वात दूरच्या स्थितीत आणून त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत पाय सरळ व्हावा, मात्र टाच पोचविण्यासाठी कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी तळपायाचा पुढचा रुंद भाग, म्हणजे चवडा, पायडलवर ठेवावा. गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. ही योग्य उंची होय.

हा बाक किती असावा हे कोनमापकाने पाहता येते. पाय पूर्ण सरळ असताना शून्य अंश धरल्यास, पायडल खाली असताना गुडघ्याचा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असणे चांगले मानले जाते. मांडीच्या हाडाची रेषा व नडगीची रेषा खडूने भिंतीवर उतरवून कोन मोजल्यास मुलांना भूमितीचा उपयोग प्रत्यक्ष दिसतो.

दुसरी रीत शेकडेवारीची आहे. १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी प्रयोगांवरून असे मांडले की, पायाच्या आतील बाजूची लांबी १०० धरल्यास खालच्या पायडलच्या आसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचे अंतर १०९ असावे. पायाचे माप घेण्यासाठी मुलाने अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून वरपर्यंत घट्ट न्यावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर हे पायाचे माप. मुलींचे माप शिक्षिकेने स्वतंत्र खोलीत घ्यावे, किंवा मुलींनी ते घरी आईच्या मदतीने घेऊन यावे. संकोच वाटेल तेथे आग्रह धरू नये. टाचेच्या रीतीने हेच काम माप न घेता होते.

उदाहरण : पायाचे माप ७२ सें.मी. असल्यास,
७२ × १०९ ÷ १०० = ७८.४८, म्हणजे सुमारे ७८.५ सें.मी.

हे सूत्र आरंभासाठी आहे. माणसांच्या पावलांची लांबी, चपलेची जाडी आणि पायडल मारण्याची ढब वेगवेगळी असते. म्हणून सूत्राने उंची ठरवावी, टाचेच्या रीतीने ती तपासावी आणि शेवटचा निर्णय दोन-तीन किलोमीटर चालवून पाहिल्यानंतर घ्यावा. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलू लागली तर बैठक फार उंच आहे. हे मागून पाहणाऱ्यास लगेच दिसते.

बैठक वर घेताना नट सैल करून ती किंचित डावी-उजवीकडे फिरवीत उचलावी. बैठकीच्या नळीवर कमाल उंचीची रेघ असल्यास ती कधीही सांगाड्याबाहेर दिसू देऊ नये. रेघ नसल्यास नळीचा निदान सात सें.मी. भाग आत राहील असे पाहावे. तेवढा आधार नसेल तर नळी वाकण्याचा वा मोडण्याचा धोका असतो. नट आवळल्यावर बैठक दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती हलता कामा नये.

*३. आरामाची उंची आणि धीराची उंची*

वर सांगितलेल्या उंचीवर बसल्यावर पाऊल जमिनीवर सपाट टेकत नाही, केवळ चवडा किंवा बोटे टेकतात. सरावलेल्या माणसास याचे काही वाटत नाही. थांबताना तो बैठकीवरून पुढे उतरतो आणि एक पाय जमिनीवर ठेवतो. पण नवशिक्या मुलाला जमीन पायाखाली हवी असते. त्याला एकदम योग्य उंचीवर बसविले तर तो घाबरतो, पडतो आणि पुन्हा सायकलीला हात लावीत नाही.

म्हणून शिकणाऱ्यासाठी बैठक प्रथम इतकी खाली घ्यावी की दोन्ही पावले सपाट टेकतील. शक्य असल्यास दोन्ही पायडले काढून टाकावीत आणि मुलाने पायांनी जमीन मागे रेटीत पटांगणात फिरावे. पायडल काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे असतात. डावे पायडल सैल करण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे खराब करणारे पुष्कळ असतात. मुलाला तोल साधला, पाय उचलून दहा-बारा पावलांचे अंतर सहज जाता आले, की पायडले पुन्हा बसवावीत. त्यानंतर दर काही दिवसांनी बैठक एकेक सें.मी. वर घ्यावी. अशा रीतीने धीराच्या उंचीवरून आरामाच्या उंचीपर्यंत मूल न घाबरता येते. चूक होते ती अशी की, शिकण्यासाठी खाली घेतलेली बैठक पुढे कोणी वर घेतच नाही. आरंभी सांगितलेल्या मुलीच्या दुखण्याचे मूळ बहुधा येथेच असते.

*४. बैठकीचा उतार व पुढे-मागे सरणे*

बैठकीवर एक सरळ फळी ठेवून ती जमिनीशी समांतर आहे का ते पाहावे. नाक खाली झुकले असेल तर शरीर सतत पुढे घसरते, त्याचा भार हातांवर येतो आणि तळव्यांस मुंग्या येतात. नाक वर असेल तर नाजूक भागावर दाब पडून बधिरता येते. आरंभी बैठक सपाटच ठेवावी आणि गरज वाटल्यास अगदी अल्प फरक करावा.

त्यानंतर पायडलचे दोन्ही दांडे जमिनीशी समांतर करावेत. बसणाऱ्याने पुढच्या पायडलवर चवडा ठेवावा. गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या कडेपासून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या आसाजवळ पडला म्हणजे बैठक साधारण योग्य जागी आहे असे समजावे. ही केवळ सुरुवातीची खूण आहे, नियम नव्हे. ताठ बसून चालविण्याच्या साध्या सायकलीवर ओळंबा आसाच्या थोडा मागे पडल्यास दोष मानू नये. बैठक पुढे-मागे सरकविल्यानंतर तिची उंची पुन्हा तपासावी, कारण मागे सरकविलेल्या बैठकीपासून पायडलचे अंतर वाढते.

*५. हँडल*

नेहमीच्या वापरासाठी हँडलच्या मुठी बैठकीइतक्या किंवा तिच्याहून थोड्या उंच असाव्यात. मुठी धरल्यावर कोपरांना किंचित बाक राहावा, खांदे कानांकडे चढू नयेत आणि हँडल वळविताना ते गुडघ्यांस लागू नये. ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे मूठ न सोडता पोचली पाहिजेत. लहान हातांच्या मुलांत ही तपासणी विसरता कामा नये. ब्रेक कितीही चांगला असला तरी बोट पोचत नसेल तर तो नसल्यासारखाच होय. काही सायकलींत ब्रेकचा दांडा मुठीजवळ आणण्यासाठी लहान स्क्रू असतो.

मध्यावर उभा बोल्ट असलेल्या हँडलची उंची बदलण्याची रीत अशी. बोल्ट तीन-चार फेरे सैल करावा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलका ठोका द्यावा. आतील पाचर सुटते व हँडल मोकळे होते. येथेही नळीवरील कमाल उंचीची रेघ बाहेर येऊ देऊ नये. जुन्या वळणाच्या सायकलींना सळयांचे ब्रेक असतात. त्यांत हँडल वर घेतले की सळयाही वर ओढल्या जातात आणि ब्रेक चाकाला घासू लागतात. म्हणून सळईचा सांधा आधी सैल करून, हँडल बसविल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो. हे काम कारागिराच्या हातून करून घेणे बरे. शेवटी पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे, आणि दोन्ही ब्रेक लागतात याची खात्री झाल्यावाचून कोणालाही सायकलीवर बसू देऊ नये.

*६. वाढत्या अंगाची सायकल*

सदरा वाढत्या अंगाचा शिवून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. सैल सदरा अंगात घातल्याने इजा होत नाही. त्याच हिशेबाने पालक मुलाला मोठी सायकल घेऊन देतात, किंवा वडिलांचीच सायकल मुलाकडे येते. मुलाचा पाय पोचत नाही म्हणून ते मधल्या दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालते, शरीर एका बाजूला लोंबकळत ठेवते आणि अर्धे पायडल मारीत जाते. त्याचा एक हात हँडलवर व दुसरा बैठकीला वा दांडीला वेढलेला असतो. अशा वेळी एकच ब्रेक त्याच्या हाती राहतो आणि समोरून वाहन आल्यास त्याला पटकन उतरता येत नाही. खेड्यातील पुष्कळ प्रौढ माणसे असेच शिकली व त्यांना त्याचे कौतुकही वाटते. परंतु त्या वेळच्या व आताच्या रस्त्यांवरील वाहनांत किती अंतर पडले आहे, हे पालकांच्या ध्यानी आणून द्यावे.

बैठक अगदी खाली घेतली तर हा प्रश्न सुटेल का, याचे उत्तर गणितानेच काढावे. बावीस इंची सांगाडा म्हणजे सुमारे ५६ सें.मी. त्यावर बैठक व तिच्या स्प्रिंगा मिळून निदान १० सें.मी., आणि पायडलचा दांडा सुमारे १६.५ सें.मी.

५६ + १० + १६.५ = ८२.५ सें.मी.

म्हणजे या सायकलीची बैठक पूर्ण खाली घेतली तरी पायडलपासून ती साडेब्याऐंशी सें.मी. दूर राहते. हे अंतर १०९ टक्के धरल्यास पायाचे माप सुमारे ७६ सें.मी. हवे. ज्या मुलाच्या पायाचे माप ६५ सें.मी. आहे त्याला बैठक सुमारे ७१ सें.मी.वर पाहिजे. साडेअकरा सें.मी.ची ही तूट कोणत्याही पान्याने भरून निघणार नाही. येथे सायकल बदलणे हाच उपाय आहे.

सायकल घेताना मुलाने ती दोन्ही पायांमध्ये धरून, दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवून उभे राहून पाहावे. मधली दांडी शरीराला लागता कामा नये, निदान दोन-तीन सें.मी. जागा मोकळी राहावी. वयावरून माप धरू नये. एकाच वर्गातील मुलांच्या पायांत वितभर फरक असू शकतो, हे मापांचा तक्ता फळ्यावर मांडताच सर्वांस दिसेल.

मूल दर वर्षी वाढते आणि दर वर्षी नवी सायकल घेणे कोणास परवडणार, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गावातच आहे. एका घरी लहान पडलेली सायकल दुसऱ्या घरी मापाची ठरते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडून, सत्राच्या आरंभी अशा सायकलींची देवघेव घडवून आणता येईल.

तक्रार व तिचे संभाव्य कारण

पुढील टाचण मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावावे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखणे : बैठक फार खाली किंवा फार पुढे.
गुडघ्याच्या मागे ताण येणे : बैठक फार उंच किंवा फार मागे.
कंबर डावी-उजवीकडे हलणे : बैठक उंच.
तळव्यांस मुंग्या येणे : बैठकीचे नाक खाली, किंवा हँडल फार खाली.
मान व खांदे भरून येणे : हँडल फार दूर किंवा खाली.
बैठकीच्या जागी बधिरता : नाक वर, बैठक फार उंच, किंवा बैठक फार अरुंद.
पाठीवर ताण : हँडल फार दूर, किंवा दप्तराचे ओझे पाठीवर.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल अर्ध्या ते एक सें.मी.पेक्षा अधिक करू नये आणि जुन्या जागेची खूण खडूने करून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आराम कशाने पडला हे कळत नाही, आणि दुखणे वाढले तर मागे कोठे जावयाचे तेही कळत नाही. योग्य बदल करूनही दुखणे थांबले नाही, किंवा गुडघ्याला सूज आली, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

उपयोजन

दुसऱ्या तासिकेत वर्गाचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटात एक बसणारा, एक धरणारा, एक मापणारा व एक नोंद करणारा असावा, आणि ही कामे आळीपाळीने सर्वांकडे यावीत. मुलींच्या हाती केवळ वही देऊन पाना मुलांच्या हाती देण्याची चूक होऊ नये. ज्या मुलीला वाटेत ढिली झालेली बैठक स्वतः आवळता येते, ती कोणाची वाट पाहत रस्त्यावर उभी राहत नाही.

नोंदवहीत प्रत्येकाने नाव, तारीख, पायाचे माप, हिशेबाने निघालेली बैठकीची उंची, प्रत्यक्ष ठेवलेली उंची आणि चालवून पाहिल्यानंतरचे मत लिहावे. मूल वाढत असल्याने हे माप कायमचे नव्हे. प्रत्येक सत्राच्या आरंभी ते पुन्हा घ्यावे. जुनी व नवी नोंद शेजारी ठेवली की मुलाला आपली वाढही दिसते.

याच वेळी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. टायरमध्ये हवा पुरेशी असावी. ती किती असावी हे बहुधा टायरच्या कडेवर छापलेले असते. ओढणी वा साडीचा पदर मागच्या चाकात जाऊ नये म्हणून चाकाला जाळी आणि साखळीला झाकण असावे. दप्तर पाठीवर वा हँडलला न लटकविता कॅरिअरला बांधावे. हँडलला लटकणारे ओझे पुढचे चाक वळविताना आडवे येते.

फलकलेखन

१. बैठक उंच-खाली, २. सपाट, ३. पुढे-मागे, ४. हँडल, ५. ब्रेक : या क्रमाने तपासणी.
टाच पायडलवर : पाय सरळ. चवडा पायडलवर : गुडघ्यास थोडा बाक.
बैठकीची उंची = पायाचे माप × १.०९
एका वेळी एकच बदल.

प्रश्न

१. बैठक फार खाली असल्यास गुडघ्यावर अधिक ताण का येतो?
२. पायाचे माप ६८ सें.मी. असल्यास बैठकीची उंची किती ठेवावी?
३. बैठक मागे सरकविल्यावर उंची पुन्हा का तपासावी?
४. नवशिक्यासाठी बैठक खाली ठेवतात ती पुढे वर का घ्यावी?
५. डावे पायडल काढताना पाना कोणत्या दिशेने फिरवावा?

स्वाध्याय

प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या एका सायकलस्वाराची मोठ्यांच्या परवानगीने तपासणी करावी. त्यास काही दुखते का ते प्रथम विचारावे, टाचणावरून कारण शोधावे, एकच बदल करावा आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारून त्याचे उत्तर वहीत लिहून आणावे. आराम पडला नाही तर तेही तसेच लिहावे. खरी नोंद हीच या स्वाध्यायाची परीक्षा आहे.

शिक्षकांस सूचना

पाठ झाल्यानंतर सातवी-आठवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या व मुलाच्या सायकलीची तपासणी जूनपूर्वी एकदा पुरी करावी आणि नोंदीचा कागद त्याच्याबरोबर द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत ही मुले गावात भेटतील. तेव्हा अभ्यासाची चौकशी करताना "सायकल कशी आहे?" हेही विचारावे. कोणी "गुडघे दुखतात" असे सांगितल्यास तिच्या घरी जाऊन पडवीत टेकलेली सायकल पाहावी, आणि जाताना पाना बरोबर न्यावा.